गोब्र्याला पाणी पाजणारी

पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं की ती आधी गिऱ्हाइकाकडे बघायची नाही. पितळेच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घ्यायची आणि पाटीतल्या सगळ्यात मोठ्या माशाच्या तोंडात सोडायची.

"पी गो बाय, पी. लांबून आलीस."

मासा मेलेला. बर्फात गारठलेला. तोंडात सोडलेलं पाणी कल्ल्यांतून बाहेर यायचं आणि माझ्या खानावळीच्या भिंतीच्या कडेकडेने उताराला लागायचं. बाजारातली माणसं हसायची. मीही हसायचो. आपल्यात शेवटचं पाणी जिवंतपणी पाजतात, ही मेल्यावर पाजते, असं मी एकदा तिला म्हणालोही होतो. ती म्हणाली, "जिवंत असताना तिला काय कमी पाणी होतं, अण्णा?"

रामनगरच्या बाजाराला येणाऱ्यांपैकी काहींच्या लक्षात आलं असेल की इथे गोब्रा कोणी घेत नाही. बांगडा घेतात, पेडवे घेतात, सुरमई आली तर तिच्यावर तुटून पडतात. गोब्रा मात्र नको. का, म्हणून विचारलं तर सांगतात, "आमच्यात चालत न्हाई." जणू काही आजापणजापासूनची रीत. ही रीत माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाली. ती कशी सुरू झाली हे ठाऊक असणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत, आणि त्यांतला मी एकटाच असा आहे ज्याने तेव्हाच ती थांबवायला हवी होती. म्हणून त्या पाणी पाजणारीविषयी लिहितो आहे.

तिचं नाव बाजारात कोणी घेत नसे. सगळे तिला कारवारीण म्हणत. बाजाराच्या दिवशी अणशी घाट चढून येणाऱ्या बसने ती यायची. बसच्या टपावरून पाटी उतरायची ती ठिबकतच. सकाळी रामनगरवर धुकं असतं, गोव्याकडे जाणाऱ्या लॉऱ्यांचे दिवे पिवळे, ओले दिसतात. त्या धुक्यातून आधी माशांचा वास यायचा, मग तिच्या केसांत माळलेल्या अबोलीच्या वळेसराचा रंग दिसायचा, आणि सगळ्यात शेवटी ती. माझ्या भिंतीला पाठ लावून बसली की दुपारच्या बसपर्यंत उठायची नाही.

जीभ मात्र बसलेली नसे. नंदिगड्ड्याची एखादी बाई पाटीत बोट घालून म्हणायची, "कारवारणी, बांगडा लई बारीक हाय की गं!"

"बारीक नाय गो, लाजलाय तो. तेलात घाल, बघ कसा छाती काढतो."

"आणि वास येतोय त्याला."

"माशाला माशाचा वास नको तर काय, चाफ्याचा येऊ दे?"

घासाघीस चालू असताना कोणी घाई केली की तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. पाटीच्या तळाशी हात घालत ती म्हणायची, "थांब गो. खोलातल्याला घाई चालत नाय."

गोब्रा ती नेहमी आणायची नाही. कधीतरीच पाटीत तो एकटा, आडवा, इकडून तिकडे मावत नसलेला असायचा. तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. अंग दगडासारखं करडं-तपकिरी, त्यावर फिकट ठिपके, तोंड एवढं मोठं की त्यात नारळ जावा. खालचा ओठ पुढे काढून तो सगळ्या बाजारावर रुसल्यासारखा पडलेला असे. "तोंड बघ कसं सासूचं," ती म्हणायची. आम्ही त्याला 'तो' म्हणायचो, ती कायम 'ती' म्हणायची. एकदा मी त्याबद्दल विचारलं.

"ही सगळी पयली बायकाच असतात, अण्णा. अंडी घालतात, वर्षानुवर्षं घालतात. मग म्हातारपणी त्यातली एखादी दांडगी असते, ती बाप्या होते."

मी चहा सांडेपर्यंत हसलो.

"हस, हस. माझ्या घोवाने पोटं फाडून बघितलीत. लहान असते तिच्या पोटात गाबोळी. एकदम मोठी असते, तिच्यात नाय. मग ही कोण ते कळायचं कसं? मी आपली सगळ्यांना बाय म्हणते. बाप्या झाली तरी आधीची बाईच ना ती?"

गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, आणि घोव म्हणजे नवरा. तिच्या नवऱ्याची दृष्टी अधू झाली होती, म्हणून ती पाटी घेऊन घाट चढायला लागली. त्याआधी तो गळ टाकायला लांब जायचा, जिथे समुद्राचा तळ एकदम खाली उतरतो आणि त्या उतारावर खडपं आहेत. खडप म्हणजे पाण्याखालचे खडक. सगळी हकीकत त्याची, सांगायची ती. दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं की मी दाराशी स्टूल टाकून बसायचो आणि ती भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून सांगायची. त्या खडपात एकेक गोब्री आपलं एकेक बीळ धरून असते. पन्नास पावसाळे जातील, बीळ सुटत नाही. पोहत फिरायची हौस नाही तिला. दारात बसून राहते, खडकाच्या रंगाची होऊन. समोरून कोणी गेलं की फक्त तोंड उघडते. ते तोंड एवढ्या झटक्यात उघडतं की पाणीच आत धावतं, आणि पाण्याबरोबर मासा.

"म्हणजे ती उठत पण नाही?"

"कशाला उठेल? तुझ्या खानावळीत जेवण गिऱ्हाइकाकडे जातं ना? तिच्याकडे पण तसंच जातं."

वर्षातून काही ठरावीक चांदण्यांना मात्र सगळ्या आपापली बिळं सोडून एका जागी जमतात, असं ती सांगायची. अंधारात, खाली, शेकडो. ती जागा ज्याला ठाऊक असेल तो कोणाला सांगत नाही. तिच्या नवऱ्याला ठाऊक होती. "मला पण सांगत नाय," ती म्हणायची. "म्हणतो, बायकांच्या पोटात राहत नाय. चाळीस वर्षं त्याचं सगळं माझ्याच पोटात राहिलंय."

आता हे ऐकताना मला काय व्हायचं ते सांगायला हवं. आमचं रामनगर हे गाव मुळात वर काढलेल्या माणसांचं. सूप्याचं धरण भरलं तेव्हा आमची गावं खाली गेली आणि आम्हांला इथे आणून वसवलं. माझं घर, गोठा, भाताची खाचरं, देवळाकडे जाणारी पायवाट, सगळं त्या पाण्याखाली आहे. गणेशगुडीला गेलो की धरणाच्या निळ्या पाण्याकडे मी फार वेळ बघू शकत नाही. तर ती सांगायला लागली की समुद्र राहायचा बाजूला, मला आमचं घर दिसायचं. हिरवट अंधार. उंबरा. माजघरात कोनाडा, आणि कोनाड्यातल्या दिव्याच्या जागी दोन मोठे शांत डोळे. कोणीतरी दारात बसून आहे, हलत नाही, पन्नास पावसाळे हलणार नाही. गोडं पाणी, खारं पाणी, हा हिशेब त्या वेळी सुचत नसे. आपलं घर रिकामं नाही, एवढंच वाटायचं आणि डोळा लागायचा. उठलो की ती गेलेली असायची आणि भिंतीजवळ ओल.

गोब्रा बाजारात यायचा तो कधीकधी भयंकर रूपात. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, तोंडातून गुलाबी फुगा लोंबणारा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मागे सरलो होतो. तिने तो फुगा दोन बोटांनी हळूच तोंडात परत सारला, लहान मुलाची जीभ आत ढकलावी तसा.

"पोट आहे तिचं. तळातून एकदम वर ओढली ना. तिच्या अंगात हवेची पिशवी असते, खाली असते तेव्हा पाण्याच्या भाराने बारीक राहते. वर आली की फुगते, आणि पोटाला तोंडातनं भायर काढते. घोव म्हणतो, लहान असली तर सुई टोचून हवा सोडायची आणि परत खाली धाडायची. मोठी वाचत नाय."

हे तिने मला सांगितलं होतं. मला. हे वाक्य लक्षात ठेवा.

नवरात्र होतं. आमच्या देवीच्या समईत तेल घालायचा मान आमच्या घराचा, जुन्या गावापासूनचा. गाव बुडालं, देवी वर आली, मान तिच्यासोबत वर आला. नऊ दिवस मी उपास करायचो. खानावळीत त्या दिवसांत मासळी शिजत नसे आणि बाजारातही मराठ्यांच्या घरांतलं कोणी मासे घेत नसे. कारवारीण तरी यायची, कारण तेव्हा गोव्याचा रस्ता रुंद होत होता आणि बाहेरगावचे मजूर पाल ठोकून राहिले होते. त्यांना कसलं नवरात्र.

त्या दिवशी तिने आणला तेवढा मोठा गोब्रा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. डोळे बाहेर, पोट तोंडात. बघायला गर्दी झाली. नंदिगड्ड्याकडचा एक शेतकरी वाकून म्हणाला, "ह्यो इखाचा मासा हाय." त्याचं म्हणणं त्याच्या परीने बरोबर होतं. आमच्या डोंगरात ओढ्याच्या डोहात झाडाची साल कुटून टाकतात. मग मासे गुंगतात, डोळे वटारून उलटे वर येतात. वर आलेला, डोळे वटारलेला मासा म्हणजे विषाचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. समुद्राचा तळ आमच्यापैकी कोणी पाहिला होता?

मजुरांनी हसत हसत धड विकत घेतलं. डोकं उरलं.

दुपारी खानावळीच्या मागे मी लाकडं आणायला गेलो. बारीक पाऊस पडत होता, तो पडतोय की धुकंच ओलं झालंय हे कळत नव्हतं. मागच्या छपराखाली तीन दगडांवर तिने मडकं ठेवलं होतं. तिरफळ, ओलं खोबरं, कोकम. वाफेतून तिचा चेहरा मधूनच दिसायचा.

"बस, अण्णा."

"नवरात्र आहे माझं."

"मी कुठे जेव म्हटलं? बस म्हटलं."

मी बसलो. उपासाचा दुसराच दिवस होता, तरी डोकं हलकं झालं होतं. ती गोब्रीची गोष्ट सांगत होती की मला आमचं घर दिसत होतं, ते आता वेगळं करता येणार नाही. केळीच्या पानावर तिने गालाचा तुकडा ठेवला. पांढरा, जाड, थरथरणारा. मी खाल्ला. मग दुसरा गाल. मग ओठ. मग डोक्याच्या कवटीतून तिने दोन पांढरे खडे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"हे प्रत्येकीच्या डोक्यात असतात. पुनवेला वर बघून चांदणं गिळते, त्याचे होतात."

ते खरं नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे सुनेच्या मोबाईलवर वाचलं की ते कानातले खडे. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तसे त्यांत वर्षावर्षाचे थर असतात, त्यावरून माशाचं वय काढतात. मला अजून चांदण्याचीच गोष्ट पटते.

संध्याकाळी अंघोळ करून मी समईत तेल घातलं. बायको ताट पुसता पुसता म्हणाली, "हाताला कसला वास येतोय तुमच्या?" मी म्हणालो, साबणाचा. रात्री मला जशी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सकाळी बातमी आली की पालातले मजूर ओकताहेत. दोघांना दवाखान्यात नेलं.

पुढच्या बाजाराला ती बसमधून उतरली तेव्हा देवळासमोर माणसं जमलेलीच होती. नवरात्र अजून सरलं नव्हतं. मी ओल्या केसांनी, कपाळाला कुंकू लावून पायरीवर उभा होतो. नंदिगड्ड्याचा तो शेतकरी हात नाचवत होता. "मी तवाच म्हनलो न्हाई? इखाचा मासा हाय म्हनून?"

कारवारणीने पाटी खाली ठेवली. "ईख नाय रे. खोलातून वर ओढली की असंच होतं तिचं. पोटात हवेची पिशवी असते."

"पिशवी!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. "आमच्या ओढ्यातल्या माशाला का न्हाई मग पिशवी भायर येत?"

"तुमचा ओढा गुडघाभर, बाबा. मी दर्याचं सांगते."

"बरं, तू खाल्लीस?"

"खाल्ली ना. डोकं खाल्लं."

"तुझं काय सांगतीस? तुला पचत असंल. आमच्यातलं कुनी खाल्लं काय? एक मानूस दाव की."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे नजर माझ्यावर आली आणि थांबली, एवढंच. माझ्या सदऱ्याच्या खिशात ते दोन खडे होते. समईतलं तेल माझ्या बोटांना होतं. तिने एक शब्द उच्चारला असता तर मानही गेला असता आणि मीही गेलो असतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी सगळ्यांचं कुठे बघत बसू?"

कोणीतरी म्हणालं, "अण्णा, तुमच्या भिंतीला बसती ती. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "तूर्त बसायला नको. नवरात्र होऊ दे, मग बघू."

तिने मान डोलवली, जणू काही मी फार शहाणपणाचं बोललो. मग खाली बसली, फडकं बाजूला केलं, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन पाटीतल्या एका साध्या सुरमईच्या तोंडात सोडलं. "पी गो बाय." पाटी डोक्यावर घेऊन स्टँडकडे गेली. परतीची बस दुपारी असे. तोवर ती तिथेच उभी होती, आणि माझ्या दारातून ती दिसत होती.

नवरात्र झालं. ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. दिवाळीच्या सुमारास मजुरांचा स्वयंपाकी चहाला आला, त्याने सहज सांगितलं की प्यायचं पाणी डांबराच्या कामातल्या पिंपात भरलं गेलं होतं, कंत्राटदाराने गप्प राहायला सांगितलं. मीही तेव्हा कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं, अण्णा, मासा चांगला होता हे तुम्हांला कसं ठाऊक? खरं तर कोणी विचारलं नसतं. मलाच ते ऐकू येत होतं.

काही वर्षांनी कारवारला जाणं झालं तेव्हा मासळीबाजारात चौकशी केली. अशी एक होती, घाट चढून जायची, असं एका म्हातारीने सांगितलं. नवऱ्यामागून वर्षभरात गेली. "तिकडे रामनगरला तिचा एक अण्णा होता," म्हातारी म्हणाली. "त्याची खूप तारीफ करायची. चांगला माणूस, म्हणायची, गोष्ट ऐकताना डोळे मिटून घेतो." मी कोण ते तिला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मासळीची टेम्पोगाडी माझ्या भिंतीपाशी थांबली. बर्फाच्या पेटीतून विकणाऱ्याने गोब्रा काढून फळीवर टाकला. डोळे बाहेर, तोंडात गुलाबी फुगा. चार माणसं मागे सरली. "न्यावा परत," एक तरुण म्हणाला. "आमच्यात चालत न्हाई त्यो."

"का रे चालत नाही?"

"काय म्हाईत, अण्णा. घरात आज्जीपासून न्हाई खात."

मी आत गेलो, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो. गुडघे दुखतात, वाकायला वेळ लागला. दोन बोटांनी तो फुगा आत सारला. थंड होता, आणि वाटला होता त्यापेक्षा मऊ. मग ओंजळीतलं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं, पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं.

"हा मी खाल्लाय," मी म्हणालो. "त्या नवरात्रात. ज्या माशावरून कारवारणीला उठवलं, त्याच माशाचं डोकं. समईला तेल घालायच्या आधी."

बाजार थांबला असं मला वाटलं होतं. थांबला नव्हता. एक बाई कोळंबी निवडत होती ती निवडतच राहिली. तो तरुण विचारत होता, "कोन कारवारीण?" मागे उभा असलेला माझ्याच वयाचा एकजण मात्र जवळ आला, चष्मा सारखा करून माझ्याकडे बघत म्हणाला, "उपासात, अण्णा?"

"व्हय. उपासात."

"मग? झालं काय?"

"काय न्हाई. झोप छान लागली."

तो पिशवी उघडून विकणाऱ्याला म्हणाला, "शेपटीकडचा एक तुकडा दे."

डोकं मी घेतलं. बायकोने ते पाहिलं आणि कोकम भिजत घातलं. "तिरफळ पण हवं," ती म्हणाली. "मला तवाच कळलं होतं. तीन दिवस वास गेला न्हवता तुमच्या हाताचा." आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता खोबरं किसत बसलो.

ते दोन खडे आता माझ्या उशाशी असतात. पहाटे धुक्यात लॉऱ्या जातात, भिंत थरथरते, आणि मला आमचं घर दिसतं. हिरवट पाणी, उंबरा. उंबऱ्याशी ती बसलेली आहे, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, अबोली पाण्यात सुटी होऊन तरंगते आहे. मी वरून खाली जायला निघतो. फार खोल आहे. ती डोळे न उघडता हात वर करून मला सांगते, थांब, सावकाश ये.